उलटीच्या औषधाची फिल्म कोणाच्या तोंडासाठी बनवता? औषध घडवणाऱ्यांना खुले पत्र

उलटी थांबवणाऱ्या औषधांच्या, तोंडात विरघळणाऱ्या फिल्मवर काम करणारे संशोधक, त्या कामाला पैसा द्यायचा की नाही हे ठरवणारे औषधकंपन्यांचे प्रमुख आणि अशा औषधांना परवानगी देणारे नियामक, यांस,

सनविवि.

मी केमोथेरपी वॉर्डात परिचारिका आहे. उलटीचं औषध शोधणारे वेगळे, बनवणारे वेगळे, लिहून देणारे वेगळे. पण ओठ घट्ट मिटून बसलेल्या माणसासमोर उभं राहून "एवढं घ्या" म्हणायची वेळ आमच्यावर येते. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे.

काही काळापूर्वी एका औषधकंपनीने आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांची मतं मागवली होती. टपाल तिकिटाएवढी, कागदासारखी पातळ, जिभेवर ठेवली की पाण्याशिवाय विरघळणारी फिल्म ते तयार करत होते. आत उलटीचं औषध. पाकीट कसं असावं, रुग्ण नेमके कुठे अडखळतात, रात्री घरी काय होतं, असं बरंच आम्ही मनापासून लिहून दिलं. पुढे कळलं की काम थांबवलं. कारण एका वाक्याचं होतं: तोंडात विरघळणारी गोळी बाजारात आहेच, मग फिल्मची गरज काय?

हे कारण मला मान्य नाही. आणि ते एकाच ठिकाणचं नाही, म्हणून मी इथे कोणाचंही नाव घेत नाही. फार्मसीच्या प्रयोगशाळांत फिल्म तयार होते, तिच्यावर निबंध लिहिला जातो, आणि गोष्ट तिथेच थांबते. कंपनीत फिल्म तयार होते आणि बाजाराच्या आकड्यांपाशी थांबते. जी थोडी औषधं पुढे जातात, त्यांची परीक्षा निरोगी माणसांच्या तोंडात होते. या सगळ्यात ज्याला उलट्या होत आहेत तो माणूस कुठेच नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

आधी हा माणूस कोण, ते सांगते. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध शिरेतून दिलं की लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते तिथल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरच्या 5-एचटी3 ग्राहींना, म्हणजे सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं आणि उलटीचा निरोप मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. उलटी रोखणारं काहीच न देता सिस्प्लॅटिन दिलं, तर 100 पैकी 90 हून अधिक जणांना उलट्या होतात. सिस्प्लॅटिनला अमेरिकेत 1978 साली मान्यता मिळाली आणि 5-एचटी3 ग्राही अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन तिथे 1991 साली आलं. या औषधाने केमोथेरपीचा चेहरा बदलला, याबद्दल ते शोधणाऱ्यांचे उपकार मी कधीच विसरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि असायलाच हवं.

वॉर्डात आम्ही ते शिरेतून देतो. तिथे फिल्मची फारशी गरज नाही, हे मीच सांगते. गरज सुरू होते ती रुग्ण घरी गेल्यावर. पहिल्या चोवीस तासांनंतरही मळमळ संपत नाही. सिस्प्लॅटिननंतर ती दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळू शकते. घरी सलाईन नसतं, सिस्टर नसते. असते ती गोळ्यांची स्ट्रिप आणि पाण्याचा पेला. मळमळ सुरू झाली की पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे गिळलेली गोळी पोटातच पडून राहते आणि पुढच्या उबळीला बाहेर येते. कित्येकांना पाण्याचा घोट घशाशी गेला की तेवढ्यानेच उबळ येते. घशाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगात गिळणंच दुखतं. शेवटी लोक गोळी घेत नाहीत, पाणीही पीत नाहीत, अंगातलं पाणी कमी होतं आणि पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं. पुढच्या खेपेला तर वॉर्डाच्या दारातूनच मळमळायला लागतं, औषध अजून शिरेत गेलेलंही नसतं. पहिल्या खेपेच्या उलट्या नीट रोखल्या तर हे पुष्कळ अंशी टळतं. म्हणून घरातले ते चार-पाच दिवस मला इतके महत्त्वाचे वाटतात.

आता "गोळी आहेच की" या उत्तराकडे येते. तोंडात विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी चांगलं औषध आहे, मी ती रोज देते. पण यातल्या काही गोळ्या गोठवून सुकवलेल्या असतात आणि अतिशय ठिसूळ असतात. मागून अंगठ्याने दाबून त्या बाहेर काढायच्या नसतात. फॉइल सोलून, कोरड्या हाताने, अलगद उचलायच्या असतात. हे ज्याने करायचं, त्याच्या हातांकडे पाहा. सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांनी बोटांच्या टोकांची संवेदना जाते. शर्टाचं बटण लावता येत नाही, मग फॉइलचा कोपरा कसा सापडणार? गोळी दाबली जाते, तिचा चुरा होतो, चुरा चादरीवर सांडतो. किती औषध तोंडात गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. फिल्म लवचीक असते. ती चुरत नाही, जिभेवर ठेवली की तिथे धरून राहते, रडणाऱ्या मुलाला ती सहजासहजी थुंकता येत नाही. हे फायदे खरे आहेत आणि गोळीने ते भरून निघत नाहीत.

आणि फिल्म बनवता येते की नाही, हा प्रश्न तर केव्हाच सुटला आहे. 2010 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑन्डान्सेट्रॉनच्या फिल्मला मान्यता दिली. झुप्लेन्झ नावाने, 4 आणि 8 मिलिग्रॅममध्ये. म्हणजे शास्त्र अडलेलं नाही. अडलेलं आहे ते ती गरजवंताच्या तोंडापर्यंत नेण्याचं काम.

यापुढे मी संशोधकांशी बोलते. तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. एचपीएमसी किंवा पुलुलानसारखं पाण्यात विरघळणारं पॉलिमर घ्यायचं, फिल्म मऊ राहावी म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळायचं, औषध, गोडी आणि स्वाद घालायचा, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यायचे, पातळ थर पसरायचा, सुकवायचा, कापायचा. वाचताना सोपं वाटतं, पण सुकताना औषध एका बाजूला सरकलं किंवा थर कुठे जाड, कुठे पातळ झाला, तर एका तुकड्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी डोस जातो. ओलावा जास्त राहिला तर फिल्म चिकटते, कमी राहिला तर तडकते. हे सांभाळणं कौशल्याचं काम आहे. म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

तुमचे निबंध मी जमेल तसे वाचते. एकामागून एक निबंधात तेच ऑन्डान्सेट्रॉन, तेच डोम्पेरिडोन, तेच मेटोक्लोप्रमाइड. पॉलिमरचं प्रमाण तेवढं बदललेलं. किती वेळा दुमडली तर तुटते, जाडी किती मायक्रॉन, किती सेकंदांत फुटते, सगळ्याचे तक्ते असतात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: ही फिल्म रुग्णांना घ्यायला सोपी जाईल, त्यामुळे ते औषध नियमित घेतील. कोणत्या रुग्णांना? त्या निबंधात एकही रुग्ण नसतो. मळमळणारा तर सोडाच, कित्येकदा निरोगी माणसाच्या जिभेवरही ती फिल्म ठेवलेली नसते. जे मोजलं नाही ते निष्कर्षात लिहू नये, हे तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवता. या एका वाक्याला सूट का?

पुढची तक्रार लाळेची. हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा खेळ लाळेवर उभा आहे. तुम्ही फिल्म विरघळवता ती बशीतल्या काही मिलिलिटर पाण्यात, किंवा 37 अंशांवर ढवळल्या जाणाऱ्या 900 मिलिलिटर द्रवात. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या तोंडात मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ येते. मिनिटाला 0.1 मिलिलिटरपेक्षा कमी लाळ असेल तर डॉक्टर त्याला लाळेची कमतरता म्हणतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात सिस्प्लॅटिनबरोबर किरणोपचारही चालू असतात. त्याने लाळग्रंथी होरपळतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या मुलाचं तोंडही कोरडं असतं. या तोंडात तुमची फिल्म टाळूला किंवा जिभेला चिकटते आणि तशीच राहते. मग रुग्ण बोटाने ती खरवडायला जातो, बोट आत गेलं की उबळ येते. पाण्याशिवाय घ्यायचं औषध म्हणून हातात दिलेली वस्तू घशाशी पाणी मागत बसते. बशीत काही सेकंदांत विरघळलेली फिल्म या तोंडात किती वेळ घेईल? कोणत्या निबंधात पाहू मी हे?

त्यात भर म्हणजे तोंड आलेलं असतं. केमोनंतर तोंडाची आतली त्वचा सोलवटते, फोड येतात, साधं पाणीही झोंबतं. तुम्ही फिल्ममध्ये सायट्रिक आम्ल घालता. त्याने लाळ सुटते हे खरं. शिवाय ऑन्डान्सेट्रॉन हे सौम्य अल्कधर्मी औषध, आम्लात चांगलं विरघळतं, लाळेत कमी, कारण लाळ तेवढी आम्लधर्मी नसते. त्यामुळे आम्ल घालण्यामागचं शास्त्र मला कळतं. पण जे आम्ल औषधाला मदत करतं तेच फोडांवर मिठासारखं झोंबतं. मेन्थॉलचंही तसंच. हा पेच खरा आहे आणि तो तुम्हीच सोडवू शकता. मात्र आलेल्या तोंडात ही फिल्म कशी लागते, हे विचारल्याशिवाय पेच आहे हेसुद्धा कळणार नाही.

चवीबद्दल. औषध कडू आहे, ते झाकायलाच हवं, कारण कडू चव स्वतःच मळमळ वाढवते. पण झाकायचं कशाने? जोरदार पुदिना, दाट फळांचा स्वाद, भरपूर गोडी. निरोगी चव घेणाऱ्यांना हे आवडत असेल. केमो चालू असलेल्या माणसाला वासाचा तिटकारा येतो, तोंडात धातूची चव येते, गोड नकोसं होतं. गर्भारपणात उलट्या होणाऱ्या बाईला तर स्वयंपाकघरातला रोजचा वासही सहन होत नाही. आमच्याकडे रुग्ण औषधापेक्षा त्याच्या वासाचीच जास्त तक्रार करतात. औषधाला आयन-विनिमय रेझिनमध्ये किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बांधून कडूपणा कमी करता येतो, हे तुमच्याच निबंधांत आहे. तो मार्ग धरून जवळपास बिनवासाची, बिनस्वादाची फिल्म का नको? आणि गोडीसाठी अ‍ॅस्पार्टेम वापरत असाल, तर फिनाइलकेटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते चालत नाही. पर्याय उपलब्ध असताना ते टाळावं.

पाकिटाबद्दल आम्ही त्या कंपनीला सविस्तर लिहिलं होतं, इथे थोडक्यात. फिल्मला हवेतला ओलावा सोसत नाही, म्हणून प्रत्येक फिल्म वेगळ्या फॉइलच्या पाकिटात बंद करावी लागते, आणि लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून ते पाकीट फाडायला कठीण ठेवतात. दोन्ही कारणं रास्त आहेत. परिणाम असा की बधिर बोटांच्या माणसाला, एका हातात भांडं धरलेलं असताना, कात्री शोधावी लागते. मुलाला न उघडणारं पण बधिर हाताला उघडणारं पाकीट करणं अवघड असेल. अवघड आहे म्हणूनच ते तुमच्याकडे मागते आहे. आणि 4 मिलिग्रॅम कोणतं, 8 कोणतं, हे अंधुक उजेडात, चष्म्याशिवाय कळलं पाहिजे. पाकीट फेकल्यावरही कळावं म्हणून आकडा फिल्मवरच खाण्याच्या शाईने छापा.

यानंतरची तक्रार जाहिरातीच्या भाषेची आहे आणि ती कंपन्यांसाठी आहे. "सेकंदांत विरघळते" हे वाचून रुग्णाला वाटतं, सेकंदांत उलटी थांबेल. तसं होत नाही. जिभेवर विरघळलेलं ऑन्डान्सेट्रॉन मुख्यतः लाळेबरोबर गिळलं जातं आणि आतड्यातूनच रक्तात जातं. यकृतातून जाताना त्यातला काही भाग नाहीसा होतो. तोंडाने घेतलेल्या औषधापैकी साधारण 60 टक्केच रक्तापर्यंत पोचतं. रक्तातली सर्वाधिक पातळी यायला दीड-दोन तास लागू शकतात. फिल्म मान्य झाली तीही रक्तातली पातळी विरघळणाऱ्या गोळीसारखीच येते म्हणून, जास्त वेगवान म्हणून नव्हे. हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं नाही तर तो दहा मिनिटं वाट पाहतो, मळमळ तशीच आहे असं पाहून दुसरी ठेवतो, मग तिसरी. आणि हे औषध जास्त झालं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. याच कारणाने 2012 साली अमेरिकेत शिरेतून एकदम 32 मिलिग्रॅम द्यायचा डोस बंद केला गेला. उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी झालेलं असतं, सिस्प्लॅटिन स्वतः मॅग्नेशियम कमी करतं; म्हणजे धोका नेमका याच माणसांना जास्त. घ्यायला सोपं औषध जास्त घेतलंही जातं. फिल्म सोपी करणाऱ्याने ही जबाबदारीही उचलली पाहिजे.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न आम्हाला घरून फोनवर सतत विचारला जातो: "औषध घेतलं आणि उलटी झाली, आता परत देऊ का?" गोळी असेल तर आम्ही विचारतो, उलटीत ती दिसली का? अख्खी दिसली तर उत्तर सोपं असतं. फिल्म मात्र दिसणार नाही. ती विरघळून गेलेली असते, लाळ पोटात गेली की भांड्यात पडली हे कोणीच सांगू शकत नाही. मग किती मिनिटांच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा, हे पाकिटावर आकड्यात लिहिलेलं हवं, आणि तो आकडा अंदाजाचा नको, मोजलेला हवा. फिल्मवर काम करणाऱ्या कोणाच्या डोक्यात हा प्रश्न आला असेल असं मला त्यांच्या लेखनावरून तरी वाटलं नाही. पालकांच्या मात्र तो पहिल्याच रात्री येतो.

मुलांचं वेगळं सांगायला हवं. जुलाब-उलट्यांनी आलेल्या मुलांना तोंडात विरघळणारं ऑन्डान्सेट्रॉन एकदाच दिलं, तर उलट्या कमी होतात आणि सलाईन लावायची वेळ कमी येते, हे 2006 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या चाचणीत दिसलं. तिथे 8 ते 15 किलोच्या मुलांना 2 मिलिग्रॅम, 15 ते 30 किलोच्यांना 4, त्याहून जड मुलांना 8, असे डोस होते. मग 2 मिलिग्रॅमची फिल्म का नको? फिल्ममध्ये डोस क्षेत्रफळावर ठरतो. त्याच थरातून अर्ध्या आकाराचा तुकडा कापला की अर्धा डोस. गोळीला हे जमत नाही. ते तुम्ही कारखान्यात केलं नाहीत, तर आई-वडील घरी कात्रीने करतील, वाकडंतिकडं.

एक गोष्ट औषधांच्या निवडीबद्दल. फिल्ममध्ये फार मोठा डोस बसत नाही, हे समजतं. अ‍ॅप्रेपिटंट या उलटीच्या दुसऱ्या औषधाचे 125 मिलिग्रॅम एका पातळ पट्टीत घाला असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मळमळीवर एकटं ऑन्डान्सेट्रॉन पुरत नाही, हे सगळे जाणतात. तिथे डेक्सामेथासोन, ओलान्झापिन लागतं. ओलान्झापिनच्या 10 मिलिग्रॅमने मळमळ कमी होते हे 2016 सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे, आणि त्याहून कमी डोसही वापरात आहेत. ग्रॅनिसेट्रॉनचा डोस तर 1-2 मिलिग्रॅमच. हे सगळं फिल्ममध्ये बसण्याजोगं आहे. पुन्हा एकदा ऑन्डान्सेट्रॉनचीच फिल्म वेगळ्या पॉलिमरमध्ये करण्यापेक्षा हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी माझ्या सुट्टीच्या दिवशीही मदत करीन.

नियामकांना थोडंच सांगायचं आहे. निरोगी स्वयंसेवकांमध्ये दोन औषधांची रक्तातली पातळी सारखी आहे का हे तपासणं योग्यच आहे. ती अट काढा असं मी म्हणत नाही. पण तोंडात विरघळणाऱ्या औषधांच्या वेळेची मोजमापं पाहा. अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत साधारण 30 सेकंद, युरोपच्या औषधसंहितेत 3 मिनिटं, आणि दोन्ही आकडे गोळ्यांसाठी आखलेले, तपासायचे तेही प्रयोगशाळेच्या उपकरणात. ज्या औषधाचा सगळा दावा "रुग्णाला सोपं" असा आहे, त्या दाव्याची परीक्षा रुग्णावर झालीच पाहिजे. ती फार मोठी नसेल. पण कोरडं तोंड, आलेलं तोंड, बधिर हात आणि लहान मूल, हे चौघे तिच्यात असले पाहिजेत.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

संशोधकांनी फिल्मची चाचणी अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी कृत्रिम लाळेत करावी आणि ते आकडे नेहमीच्या आकड्यांशेजारी छापावेत. रुग्ण नसलेल्या निबंधातून रुग्णांच्या सोयीचं वाक्य काढून टाकावं. फिल्मचा घाट ठरवतानाच, म्हणजे शेवटी मत विचारण्याऐवजी सुरुवातीलाच, केमोचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे आणि परिचारिका यांना सोबत घ्यावं. बिनस्वादाची, आलेल्या तोंडाला न झोंबणारी एक तरी आवृत्ती असावी.

कंपन्यांनी 2 मिलिग्रॅमची फिल्म आणावी. पाकिटावर चार गोष्टी ठळक लिहाव्यात: परिणाम जाणवायला किती वेळ लागतो, दिवसाला जास्तीत जास्त किती, घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं, आणि तोंड कोरडं असेल तर आधी ओठ-जीभ कशी ओली करायची. पाकीट उघडण्याची चाचणी हाताची संवेदना गेलेल्या माणसांकडून करून घ्यावी.

नियामकांनी "पाण्याशिवाय, सहज घेता येते" असा दावा छापायला परवानगी देण्याआधी, कमी लाळ असलेल्या रुग्णांमधली छोटी चाचणी मागावी. लहान मुलांच्या डोसची फिल्म आणणाऱ्याचा अर्ज लवकर तपासावा.

आणि ज्यांनी काम थांबवलं आहे त्यांना: ते पुन्हा सुरू करा. आम्ही आमच्या बाजूने तयार आहोत. ज्या परिचारिकांनी तेव्हा मतं दिली त्यांच्यातल्या काही आजही विचारतात की त्या फिल्मचं काय झालं. तुम्हाला सुरू करायचंच नसेल, तर निदान जे मोजून झालं आहे ते जाहीर करा. कोणतं मिश्रण तडकलं, कोणतं चिकटलं, कोणती चव नाकारली गेली, ओलाव्यात फिल्म किती महिने टिकली, हे सगळं. म्हणजे दुसऱ्या कोणाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

या पत्राला उत्तर द्यायचं झालं तर तेही उघड द्या, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना वाचता येईल असं.

आपली नम्र,
केमोथेरपी वॉर्डातली एक परिचारिका